फरक स्पष्ट करा

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाशी आपल्या सगळ्यांची जुनी ओळख आहे. पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारायची, डावीकडे टू स्ट्रोक, उजवीकडे फोर स्ट्रोक, आणि जितके मार्क तितके मुद्दे. चार मुद्दे आठवतात. पाचवा डावीकडचा उलटा करून उजवीकडे टाकायचा. 'हे महाग असते', 'हे महाग नसते'. पेपर तपासणाऱ्यालाही हे माहीत असतं. त्यानेही त्याच्या काळी तेच केलेलं असतं.

आम्हा सिव्हिलवाल्यांना शेवटच्या वर्षी क्वांटिटी सर्व्हेच्या शेपटाला बांधलेला काँट्रॅक्टचा भाग असतो. त्यात १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर एक युनिट येतं. त्याचीही आम्ही अशीच रेघ मारून विल्हेवाट लावतो. व्हॉइड आणि व्हॉइडेबल, गॅरंटी आणि इन्डेम्निटी, पेनल्टी आणि लिक्विडेटेड डॅमेजेस. पेपर सुटला की युनिटही सुटलं. आता माझं म्हणणं ऐका. आख्ख्या चार वर्षांत हे एकच युनिट असं आहे, की जे प्रत्येक ब्रँचच्या मुलामुलीला डिग्री हातात पडायच्या आधीच लागतं. आणि ते शिकवलं जातं फक्त आम्हाला, तेही मार्कांपुरतं. कॉम्प्युटर आणि ई अँड टीसीची मंडळी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त बाँडवर सह्या करतात, त्यांना यातलं अक्षरही कोणी सांगत नाही. आणि सहीची किंमत पुष्कळदा सही करणारा विद्यार्थी देत नाहीच. ती देतो घरी बसलेला बाप. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी शब्दच घेऊ. मराठीत आपण सगळ्यालाच 'करार' म्हणून मोकळे होतो. कायद्यात मात्र दोन पायऱ्या आहेत. दोघांनी एकमेकांना वचन दिलं, एकाच्या बदल्यात दुसरं असं ठरलं, की झाला करार, म्हणजे ॲग्रीमेंट. त्या करारामागे कोर्ट उभं राहणार असेल तरच तो काँट्रॅक्ट. कायद्याच्या मराठी पुस्तकात याला 'संविदा' म्हणतात, पण हा शब्द मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, तेव्हा आपण काँट्रॅक्टच म्हणू. 'प्लेस झाले की विंगला पार्टी' हे वचन कितीही जणींच्या साक्षीने दिलेलं असो, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. बदल्यात कोणी काही दिलेलं नाही, आणि कोर्टकचेरीचा विचारही कोणाच्या मनात नसतो. १९१९ साली इंग्लंडात बाल्फोर नवरा-बायकोचा खटला याच मुद्द्यावर निकाली निघाला. बाल्फोरसाहेब सिलोनला इरिगेशन खात्याचे डायरेक्टर, म्हणजे आमच्याच ब्रँचचे. बायको आजारपणामुळे इंग्लंडात राहिली, तिला महिना ३० पौंड पाठवायचं त्यांनी कबूल केलं, पुढे फिसकटलं. कोर्ट म्हणालं, घरातल्या घरात दिलेली अशी वचनं आमच्याकडे आणू नका. बायकोच्या बाजूने विचार केला तर निकाल मला काही फारसा पटत नाही, पण कायदा तसा आहे.

दुसरा घोळ 'रद्द' या शब्दाचा. व्हॉइडलाही आपण रद्द म्हणतो, व्हॉइडेबललाही रद्द म्हणतो आणि बेकायदेशीरलाही रद्दच म्हणतो. इलेक्ट्रिकलच्या भाषेत सांगते. व्हॉइड म्हणजे तार जोडलेलीच नाही. बटण कितीही दाबा, दिवा लागायचा नाही. व्हॉइडेबल म्हणजे तार जोडलेली आहे, दिवा लागलेला आहे, पण मेन स्विच एकाच पार्टीच्या हातात आहे. तिने बंद केला तर अंधार, नाही केला तर दिवा चालू. आणि बेकायदेशीर म्हणजे खांबावर आकडा टाकणं. तिथे दिवा नुसता विझत नाही, आजूबाजूचेही अडकतात.

तार न जोडल्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९०३ चा मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून पैसे घेतले. मुलगा अज्ञान आहे याची खबर सावकाराच्या माणसाला होती. कौन्सिलने सांगितलं, अज्ञानाचा करार मुळातच नाही. गहाणखत गेलं आणि सावकाराचे पैसेही परत मिळाले नाहीत. आपल्याकडे एफईला आलेली कितीतरी मुलं सतरा वर्षांची असतात, एवढं लक्षात ठेवा. कॉट बेसिसची डिपॉझिटं आणि हप्त्यावरचे मोबाइल याच वयात सुरू होतात.

मेन स्विच हातात कधी येतो? तुमची संमती मोकळी नसेल तेव्हा. जबरदस्तीने, दडपणाने, फसवून किंवा चुकीची माहिती देऊन सही घेतली असेल तेव्हा. यातल्या जबरदस्तीची व्याख्या आपण समजतो त्यापेक्षा रुंद आहे. गळ्याला सुरी लावणं हीच जबरदस्ती असं नाही. करार करायला लावण्यासाठी एखाद्याची वस्तू बेकायदेशीरपणे अडवून ठेवणं, किंवा अडवून ठेवीन अशी धमकी देणं, हेही कलम १५ मध्ये बसतं. कोणाचं ओरिजिनल मार्कशीट कोणी असं अडवून सही मागत असेल, तर त्या सहीचं पुढे काय होऊ शकतं याचा विचार करा. मात्र स्विच हातात असतानाही त्याच करारावर वर्षभर फायदे घेत बसलात, तर पुढे 'मला दाबून सही घेतली' हे कोणी ऐकून घेणार नाही. व्हॉइडला मुदत लागत नाही, व्हॉइडेबलला हातपाय हलवावे लागतात. रेघ मारून लिहिलेल्या उत्तरात हा मुद्दा मी कधी वाचलेला नाही.

आकड्याचंही एक उदाहरण देते, कारण हॉस्टेलला ते जवळचं आहे. क्रिकेट मॅचवर लावलेली पैज कलम ३० प्रमाणे व्हॉइड. जिंकलात तरी वसूल करता येत नाही. पण पैज हरलेल्याला पैसे भागवायला तुम्ही उसने दिलेत, त्या उसन्याचं काय? १९५९ साली सुप्रीम कोर्टाने घेरूलाल पारख खटल्यात सांगितलं की पैज व्हॉइड असली तरी तेवढ्याने बेकायदेशीर ठरत नाही, म्हणून तिच्या आजूबाजूचे व्यवहार आपोआप बुडत नाहीत. मुंबई इलाखा मात्र याला अपवाद. इथे १८६५ सालीच खास कायदा करून पैजेला लागून असलेले व्यवहारही व्हॉइड करून ठेवले होते. आपल्या पूर्वजांना आपली चांगली ओळख होती म्हणायची.

आता प्लेसमेंट. 'ऑफर आली' हे वाक्य आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि इथेच पोरं तोंडघशी पडतात. साइटवरचं उदाहरण सोपं आहे. टेंडर नोटीस ही ऑफर नव्हे, ते ऑफर मागवणारं आवाहन. ठेकेदार टेंडर भरतो ती ऑफर. ते स्वीकारल्याचं पत्र त्याला गेलं की काँट्रॅक्ट. तसंच, कंपनी सेमिनार हॉलमध्ये स्लाइड दाखवून पॅकेजचा आकडा सांगते ते आवाहन. त्यानंतर जे पत्र येतं त्याचा मथळा नीट वाचा. 'लेटर ऑफ इंटेंट' असेल, तर त्याचा साधारण अर्थ 'पुढे करार करायचा आमचा विचार आहे' एवढाच. २००६ साली ड्रेसर रँड विरुद्ध बिंदल ॲग्रो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. तोही यंत्रसामग्रीच्या खरेदीचा मामला होता. अर्थात मथळ्यावरच सगळं ठरत नाही, आतल्या मजकुरावरून बांधिलकीचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर वेगळी गोष्ट. ऑफर लेटर असेल आणि तुम्ही ते होतं तसं स्वीकारलंत, मग ई-मेलवर का होईना, तर काँट्रॅक्ट होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने ई-मेलवरच्या होकाराला पुरेशी जागा दिलेली आहे. पण त्या पत्रातही 'सर्व विषय एका वेळी उत्तीर्ण असल्यास' अशी अट बसलेली असते. अट पुरी झाली नाही तर कंपनीने करार मोडला असं होत नाही, कारण ती वेळच आलेली नसते. २००९ च्या मंदीत आणि पुढे २०२२ च्या बॅचला जॉइनिंगच्या तारखा लांबल्या तेव्हा 'आमच्याकडे ऑफर होती' असं म्हणत मुलं हिंडत होती. त्यांतल्या कोणाकडे यातलं नेमकं कोणतं पत्र होतं, हे बघायला हवं होतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. तो शब्द म्हणजे 'हमी'.

मिक्सरच्या खोक्यावर असते ती हमी, बँकेच्या कागदावर असते तीही हमी, आणि मार्कशीट हरवल्यावर डुप्लिकेटसाठी लिहून देतो तेही हमीपत्र. खोक्यावरची हमी म्हणजे वॉरंटी. ती १९३० च्या मालविक्री कायद्यात येते, आणि तिथे तिचा जोडीदार शब्द आहे कंडिशन. मुख्य अट मोडली तर माल परत करून मोकळे होता येतं. वॉरंटी मोडली तर फक्त भरपाई मागता येते, माल तुमच्याच गळ्यात. दुकानदार दोन्हीला गॅरंटी म्हणतो. त्याला कोण काय म्हणणार!

हरवलेल्या कागदासाठी देतो ती इन्डेम्निटी. तिथे माणसं दोनच. 'यामुळे तुमचं नुकसान झालं तर मी भरून देईन.' नुकसान प्रत्यक्ष खिशातून गेल्याशिवाय मागता येतं का, यावर १९४२ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागलांनी गजानन मोरेश्वर खटल्यात निकाल दिला, की देणं पक्कं उभं राहिलं असेल तर माणूस बुडेपर्यंत थांबायची गरज नाही.

गॅरंटीत मात्र माणसं तीन. देणेकरी, घेणेकरी आणि मधला जामीन. 'त्याने दिले नाहीत तर मी देईन.' या वाक्यातल्या 'तर'वर सगळा महाराष्ट्र फसतो. आपल्याला वाटतं, बँक आधी त्याच्या दारात जाईल, त्याची जप्ती होईल, त्यातूनही भागलं नाही तर मग आपल्याकडे येईल. कलम १२८ असं म्हणत नाही. जामिनाची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच, बरोबरीची, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. १९६८ साली बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सुप्रीम कोर्टाने साफ सांगितलं, की बँकेला मूळ कर्जदाराच्या मागे लागून दमल्यावरच जामिनाकडे या असं सांगता येणार नाही. तसं केलं तर जामिनाचा उपयोग काय? हप्ता थकला की तुमचा नंबर लागू शकतो.

माझ्या रूम पार्टनरचे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या साडूंनी एका पतसंस्थेतून टेंपोसाठी कर्ज काढलं, तेव्हा बाबांनी 'साक्षीला' म्हणून सही केली. निदान त्यांची समजूत तीच. फॉर्मवर तीन रकाने होते आणि त्यांची सही जामीनदाराच्या रकान्यात होती. साक्षीदाराची सही एवढंच सांगते, की याने माझ्यासमोर सही केली. त्याला एक पैचं देणं लागत नाही. जामीनदार कर्जाचा खांब असतो. आणि तिसरा रकाना सहकर्जदाराचा. तो तर जामीनही नव्हे, तो स्वतःच कर्जदार. (आपल्या एज्युकेशन लोनमध्ये आई-वडील बहुधा याच रकान्यात असतात. घरी विचारा, 'आम्ही फक्त गॅरंटर आहोत' असंच उत्तर येईल.) साडूंचे हप्ते थांबले, टेंपो कोणाला तरी परस्पर विकला गेला, आणि बाबांच्या पगारातून कपात सुरू झाली. ती थर्ड इयरला होती. दोन टर्म तिने मेस एका वेळची लावली, हे विंगमध्ये फार थोड्यांना माहीत आहे. तिला विचारूनच लिहिते आहे.

कायद्याने जामिनालाही काही हत्यारं दिली आहेत. भरलेला पैसा मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला आहे. त्याला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो, असं कलम १३३ सांगतं. मात्र छापील फॉर्ममध्ये या हक्कावर पाणी सोडणारी ओळ आधीच बारीक अक्षरात घातलेली असू शकते. आणि साडूकडून वसूल करायचं म्हणजे मेहुणीच्या घरावर फिर्याद. कलम आहे, पण कोणाचं धाडस होणार?

पुढे तिला कॅम्पसमधून नोकरी लागली. पत्राबरोबर दोन वर्षांचा बाँड, सोडून गेल्यास दोन लाख, आणि खाली 'शुअरिटी' म्हणून वडिलांची सही. म्हणजे पुन्हा तोच रकाना. बाबांनी कागद बघितला आणि सही करायला नकार दिला. पोरीवर विश्वास आहे, कागदावर नाही, म्हणाले. जॉइनिंगला बारा दिवस राहिले होते.

या बाँडमध्ये शब्दांचे आणखी दोन घोळ आहेत. पहिला पेनल्टीचा. इंग्लिश कायद्यात करार मोडल्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम खऱ्या नुकसानीचा अंदाज असेल तर लिक्विडेटेड डॅमेजेस, आणि नुसता धाक असेल तर पेनल्टी. १९१५ चा डनलॉप टायरचा खटला त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे टायरमागे ५ पौंड ठरले होते, ते अंदाज म्हणून मान्य झाले. आम्ही ही रेघ पाठ करतो आणि इथेच चुकतो, कारण भारतात कलम ७४ ने ही रेघ बऱ्याच अंशी पुसून टाकली आहे. आपल्याकडे नाव काहीही द्या, कोर्ट वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. दोन लाख म्हणजे किंमत नव्हे, छत. २०१५ साली कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण खटल्यात हे चांगलं दिसतं. भिकाजी कामा प्लेसच्या प्लॉटचा १९८२ चा लिलाव, बोली ३.१२ कोटी, बयाणा ७८ लाख. प्राधिकरणाने बयाणा जप्त केला आणि तोच प्लॉट पुढे ११.७८ कोटींना विकला. सुप्रीम कोर्टाने विचारलं, नुकसान झालं कुठे? बयाणा व्याजासकट परत करायला लावला.

म्हणून बाँड म्हणजे नुसता कागदी वाघ, असं कोणी सिनियर सांगत असेल तर तेही ऐकू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दलचे दोन लाख कायम केले. सरकारी बँकेला जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन माणूस भरावा लागतो, त्याचा खर्च खरा आहे, आणि सोडणारा चांगल्या पगाराचा वरिष्ठ अधिकारी होता, हे कोर्टाने पाहिलं. माझ्या मते साडेतीन लाखांच्या फ्रेशरला, ट्रेनिंगच्या नावाखाली तीन आठवडे व्हिडिओ दाखवून, तोच आकडा लावणं हा वेगळा हिशोब आहे. पण तो हिशोब मांडावा लागतो, आणि मांडायला शब्द माहीत लागतात.

दुसरा घोळ 'सोडणे' आणि 'दुसरीकडे न जाणे' यांचा. बाँडमध्ये दोन्ही अटी एकाच परिच्छेदात असतात. कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातले शिफ्ट सुपरवायझर गोलिकरी पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. १९६७ साली सुप्रीम कोर्टाने करार चालू असेपर्यंतची मनाई योग्य ठरवली. कंपनीने परदेशी भागीदारांकडून घेतलेलं गुपित तंत्र त्यांना शिकवलेलं होतं. पण करार संपल्यावरही अमुक वर्षं या क्षेत्रात नोकरी करायची नाही, असली अट कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पहिली अट पाळायची, दुसरीला घाबरायचं नाही.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक खटला मुद्दाम राखून ठेवला आहे, तोही याच हिशोबाचा. १८५४, ग्लॉस्टरची पिठाची गिरणी. क्रँकशाफ्ट मोडला. नवा घडवायला नमुना म्हणून तो ग्रिनिचच्या कारखान्यात पाठवायचा होता. वाहतूकवाल्याने काही दिवस उशीर केला, गिरणी तेवढे दिवस बंद. गिरणीवाल्याने बुडालेला नफा मागितला. कोर्ट म्हणालं, हा एकच शाफ्ट आहे, दुसरा नाही, गिरणी बंद आहे, हे तुम्ही वाहतूकवाल्याला सांगितलं होतंत का? स्पेअर शाफ्ट असणं अगदी शक्य होतं. डॅमेज म्हणजे झालेलं नुकसान, डॅमेजेस म्हणजे कोर्ट देईल ती भरपाई, आणि एकातून दुसरं सगळंच्या सगळं निघत नाही. आपल्या कलम ७३ चा गाभा हाच. उद्या कंपनी म्हणाली, तू गेलीस म्हणून आमचं आख्खं प्रोजेक्ट गेलं, तर हा शाफ्ट आठवा.

स्टॅम्प पेपरबद्दल थोडक्यात. स्टॅम्प हा कर आहे. नोटरी सहीची ओळख पटवतो. नोंदणी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात होते. या तिघांना आपण एकच समजतो, आणि 'पाचशेच्या स्टॅम्पवर आहे, म्हणजे पक्कं' असं म्हणतो. (ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी बऱ्याच कामांना पाचशेचाच लागतो, त्याने रुबाब आणखी वाढला.) व्हॉइड करार पाचशेच्या कागदावर लिहिला तर तो पाचशे रुपये महाग पडलेला व्हॉइड करार. फ्लॅट घेऊन राहणाऱ्यांनी मात्र नोंदणीचं लक्षात ठेवावं. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेला लागतो, ती जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांचा केला म्हणून सुटका नाही. नोंदला नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं.

तर बारा दिवस राहिले होते. आमचे काँट्रॅक्ट शिकवणारे सर त्या संध्याकाळी बाबांशी अर्धा तास फोनवर बोलले. मराठीत. हा रकाना जामिनाचाच आहे, लपवत नाही. पण साडूंच्या कागदासारखा व्याजाने फुगणारा नाही. दोन वर्षांनी संपतो. दोन लाखांच्या वर एक रुपया जात नाही आणि तेवढे द्यावेच लागतील असंही नाही. आणि मुलगी नोकरीवर आहे तोवर यातलं काहीच देणं लागत नाही. बाबांनी चार प्रश्न विचारले, सगळे नेमके. दुसऱ्या दिवशी सही करून कागद कुरिअरने पाठवला, आणि एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली.

प्लेसमेंट सेलकडे माझं मागणं यातूनच आलेलं आहे. ड्राइव्हसाठी नाव नोंदवायच्या आधी बाँडचा पूर्ण मजकूर बोर्डावर लागावा. निवड झाल्यावर, दोन दिवसांची मुदत देऊन नव्हे. जामिनाच्या पानाचा मराठी तर्जुमा सोबत द्यावा, कारण ते पान वाचणारा माणूस बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमाचा नसतो. ॲप्टिट्यूडच्या तीस तासांतले दोन तास यासाठी काढावेत, सगळ्या ब्रँचसाठी. कंपन्या नाराज होतील, असं एका सरांनी मला सांगितलं. जी कंपनी स्वतःचा बाँड आठ दिवस आधी दाखवायला नाराज होते, तिच्याबद्दल आपल्याला तेवढी माहिती तरी मिळेल.

सेल ठरवेल तेव्हा ठरवेल. तोवर सरांनी दोन शनिवार द्यायचं कबूल केलं आहे, सबमिशन संपल्यावर, सिव्हिलच्या ड्रॉइंग हॉलमध्ये. रेक्टर मॅडमनी त्या दिवशी साडेनऊपर्यंत बाहेर राहायची परवानगी दिली आहे. ज्यांच्याकडे बाँड किंवा भाड्याचा कागद असेल त्यांनी झेरॉक्स आणावी. ओरिजिनल आणू नये. तारीख मेसच्या बोर्डावर लागेल.